सुंदर आकाशातला चंडोल



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने जपानी गायिकेवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. माझे म्हणणे एवढेच, की गाणे हेही कामच आहे. आणि ते काम लहान मूल करीत असेल, तर त्याचा हिशेब मोठ्यांनी द्यायला हवा.

1937 साली योकोहामा या बंदराच्या शहरात एका मासळीविक्याच्या घरी मुलगी जन्मली. नाव काझुए काटो. 1943 साली बाप युद्धावर निघाला. निरोपाच्या वेळी ही पोर गायली आणि जमलेल्यांना रडू आवरेना. या गळ्याचे मोल आईने तेव्हाच ओळखले. पुढे मुलीच्या कार्यक्रमांचा सारा कारभार तिनेच पाहिला. मुलीने नाव घेतले मिसोरा हिबारी. मिसोरा म्हणजे सुंदर आकाश, हिबारी म्हणजे चंडोल.

1946 साली ती जपानी नभोवाणीच्या हौशी गायकांच्या स्पर्धेत उतरली. युद्धानंतर घरोघर पोचलेले ‘सफरचंदाचे गाणे’ तिने म्हटले. पण उत्तीर्ण झाल्याची घंटा काही वाजली नाही. गाते छान, परंतु लहान मुलासारखे गात नाही, हा परीक्षकांचा आक्षेप! पुढे ती शिझुको कासागी या गाजलेल्या गायिकेची बूगी-वूगी गाणी नकलेसह म्हणू लागली. लोक तिला ‘बेबी कासागी’ म्हणत. शिष्टांना हे रुचले नाही. हाचिरो सातो या कवीने मोठ्यांची गाणी म्हणणाऱ्या पोरीवर कडक टीका केली. आणि ‘सफरचंदाचे गाणे’ लिहिले होते ते याच सातोंनी!

सामान्य माणसाने मात्र तिला उचलून धरले. त्याला कारण होते. 1948 च्या सरकारी मोजणीत जपानमध्ये 1 लाख 23 हजारांवर अनाथ मुले भरली. 1949 साली ‘कानाशिकी कुचिबुए’, म्हणजे ‘उदास शीळ’, या चित्रपटात बारा वर्षांची हिबारी अनाथ पोर झाली. लांब शेपटीचा कोट आणि उंच टोपी घालून गायली. 1950 च्या ‘टोकियो किड’मध्येही तसेच निराधारपण. तिचे स्वतःचे आईबाप हयात होते. पण जळलेल्या शहरांतल्या माणसांना न हरणारे एक पोर डोळ्यांपुढे हवे होते. ते ओझे या मुलीच्या खांद्यावर आले.

1947 च्या जपानी श्रमकायद्याने पंधरा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास सर्वसाधारणपणे बंदी केली; चित्रपट व नाटक यांसाठी मात्र परवानगीने सूट ठेवली. म्हणजे कारखान्याचे दार बंद, रंगमंचाचे उघडे! पोरीच्या गाण्याला नाके मुरडणारे पुष्कळ निघाले. तिने किती तास राबावे, हा प्रश्न त्यांपैकी कितीजणांनी विचारला?

1957 च्या जानेवारीत टोकियोच्या असाकुसा भागातल्या नाट्यगृहात एका तरुणीने तिच्या तोंडावर आम्ल फेकले. ती हिबारीची चाहती, तिच्याच वयाची, दुसऱ्याच्या घरी राहून घरकाम करणारी. दोघी एकोणीस वर्षांच्या. एकीला सारा देश ओळखत होता, दुसरीला कोणी विचारीत नव्हते. त्या कृत्याचे समर्थन मी करीत नाही; पण या दोन मुलींमधले अंतर मला विसरता येत नाही.

हिबारी बरी होऊन पुन्हा उभी राहिली. हळूहळू बूगी मागे पडली, किमोनो आला, जुन्या वळणाची, दुःख गिळून गायलेली गाणी आली. ज्युदोवरच्या ‘यावारा’ या गाण्याला 1965 साली जपानचा मोठा ध्वनिमुद्रिका पुरस्कार मिळाला. 24 जून 1989 रोजी, बावन्नाव्या वर्षी ती गेली. त्यानंतर सरकारने तिला राष्ट्रीय सन्मान दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. एके काळी जी असभ्य ठरली, तिलाच लोक जपानचे हृदय म्हणू लागले होते.

बंधूंनो, गळा तोच होता. बदलली ती ऐकणाऱ्यांची गरज. आता एखादे मूल व्यासपीठावर गाईल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा; पण ते आज किती तास उभे आहे, आणि उद्या शाळेत जाणार आहे का, एवढे घरी परतण्यापूर्वी कोणाला तरी विचारा.