दुसऱ्या दिवसाचा पाहुणचार

(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ख्रिस्ती समाजाच्या या संस्थेने आम्हां मुसलमान शिक्षकास बोलण्यास पाचारण केले, तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. आमच्या घरोघरी मुलांना जी हकीकत सांगतात, तिचा नायक एक ख्रिस्ती राजाच आहे.

इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केत पैगंबरसाहेबांच्या अनुयायांचा छळ चालला होता. हबशांच्या देशी एक राजा आहे, त्याच्यापाशी कोणावर जुलूम होत नाही, असे पैगंबरसाहेबांनी त्यांना सांगितले. तांबडा समुद्र ओलांडून ही मंडळी अक्सूमच्या नेगसच्या, म्हणजे आमच्या नजाशीच्या, आश्रयास गेली. मागोमाग मक्केचे दोन वकील कातड्याचे उंची नजराणे घेऊन पोहोचले. माणसे मोठी धूर्त! राजाला भेटण्याआधीच त्यांनी एकेका धर्मगुरूस भेट पोहोचविली आणि, या लोकांची बाजू न ऐकताच त्यांना आमच्या हवाली करावे असा सल्ला राजास द्या, म्हणून गळ घातली. तसा सल्ला दिला गेलाही. राजा संतापला. आसऱ्याला आलेल्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यांना सोपविणार नाही, असे त्याने बजावले.

पैगंबरसाहेबांचे चुलतबंधू जाफर बोलावयास उभे राहिले. त्यांनी कुराणातील मरियमेचा अध्याय म्हटला, तेव्हा राजाची दाढी आसवांनी भिजली. पहिला दिवस असा गोड झाला.

परंतु आम्हांस मोलाचा वाटतो तो दुसरा दिवस. वकिलांनी नवा डाव टाकला : येशूविषयी हे लोक काय मानतात ते विचारा! सारवासारव करणे सोपे होते. जाफर यांनी तसे केले नाही. येशू ईश्वराचा सेवक आणि प्रेषित, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दरबारातील धर्मगुरू कुरकुरले. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि तुमच्या-आमच्यात या काडीएवढेही अंतर नाही, असे म्हणून नजराणे परत पाठविले. ही हकीकत सांगणाऱ्या उम्मे सलमा स्वतः त्या आश्रितांतल्याच. तेथे शेजार उत्तम होता, धर्माला धक्का नव्हता, अशी त्यांची साक्ष आहे. पुढे नजाशीने इस्लाम स्वीकारला असे आम्ही मानतो. पण निवाडा दिला तेव्हा तो ख्रिस्ती राजाच होता. काही आश्रित तर इ. स. ६२८ पर्यंत तेथेच राहिले.

आपल्या काळाजवळचे उदाहरण फ्रान्सचे. ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गावातील प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात हजारो निर्वासितांना आसरा दिला. त्यांत बहुतेक ज्यू होते. या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी स्वतः धर्मापायी छळ सोसला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बसगाड्या घेऊन पोलीस आले व त्यांनी ज्यूंची यादी मागितली. पाद्री आंद्रे त्रोक्मे यांनी ती दिली नाही. त्यांच्या नात्यातले दानिएल त्रोक्मे हे शिक्षक. १९४३ मध्ये धाड पडली, तेव्हा पळून जाणे शक्य असूनही ते विद्यार्थ्यांजवळ राहिले आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावले. शिक्षकाच्या धंद्यात त्यांचे नाव घेताना आम्ही जरा सावरून बसतो.

आता आपल्या वसतिगृहाविषयी. इतर समाजांची मुले घ्यावीत की नाही यावर आपल्यात दोन मते आहेत, हे गावात झाकलेले नाही. यजमानाच्या घरच्या वादात पाहुण्याने बोलू नये खरे. तथापि मुलगा गरीब, हुशार आणि नम्र आहे म्हणून घेणे हा पहिला दिवस. तो रविवारी उपासनेस येत नाही, रमजानात पहाटे सहेरीसाठी उठतो, कोणी एकादशीला जेवत नाही, आणि एखादा देणगीदार येऊन, हे कशाला पोसता, असे विचारतो, तो दुसरा दिवस. त्या दिवशी काय उत्तर द्यायचे ते जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी ठरवावे, एवढीच विनंती. स्वयंपाकाच्या वेळा आणि नियम बसविण्याच्या कामी आम्ही रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर तासभर येऊ.