ठासणीची बंदूक : धक्क्याचा हिशेब आणि कायद्याचा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला उभे राहिलो की आम्ही हिशेब मांडतो. आज बंदुकीवर बोलायचे आहे, तरी मांडायचा आहे तो हिशेबच.

ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतो. तुरीत, हरभऱ्यात रोही शिरले की शेंडे उरत नाहीत. रात्रभर माळ्यावर जागल करायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा धर्मच होऊन बसला आहे. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे त्यांच्याजवळ बहुधा ठासणीची बंदूक असते. तिच्याबद्दलची तक्रार एकच : खांदा सुजवते. यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, गोळी हलकी आणि दारू बेताची ठेवा. दुसरा, काडतुसाची बंदूक मिळवा आणि रिकामी काडतुसे घरीच हलकी भरा. पहिल्या उपायात तथ्य आहे. दुसऱ्यात तुरुंग आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी धक्का म्हणजे काय ते पाहू. गोळी पुढे जाते तेवढ्याच नेटाने बंदूक मागे येते. हा उधारीचा नव्हे, रोखीचा व्यवहार आहे. गोळीचे वजन गुणिले गोळीचा वेग, भागिले बंदुकीचे वजन, म्हणजे बंदूक मागे येण्याचा वेग. आता 'बारा बोर' हा शब्द घ्या. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भरले तर ती नळी बारा बोरची. म्हणजे एक गोळी ३७.८ ग्रॅमची आणि सुमारे १८.५ मिलिमीटर जाडीची. वीस बोरची गोळी २२.७ ग्रॅमची, जाडी सुमारे १५.६ मिलिमीटर. जाडी तीनच मिलिमीटरने उतरली, पण वजन शेकडा चाळीसने उतरले.

दोन्ही बंदुका तीन किलोच्या धरा आणि गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. दारूचे वजन तूर्त सोडून देऊ. मोठ्या गोळीला बंदूक सेकंदाला पावणेचार मीटरच्या वेगाने मागे येते, लहान गोळीला सव्वादोन मीटरच्या. खांद्यावर बसणारी ताकद वेगाच्या वर्गाने मोजतात. ती मोठ्या गोळीला सुमारे २१ ज्यूल, लहान गोळीला ८ ज्यूलच्या आत. म्हणजे गोळी दोन पंचमांशाने हलकी केली तर धक्का जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बंदूक किलोभर जड असेल तर तो आणखी कमी होतो. फार हलकी बंदूक घ्यायला बरी वाटते, पण त्याची वसुली खांद्याकडून होते.

आम्ही सोडून दिलेली दारूही धक्क्यात भर घालते. काळ्या दारूचा बराच भाग जळून धूर आणि राख होतो, तोही नळीतूनच बाहेर पडतो. एका मर्यादेपुढे जास्त भरलेल्या दारूने गोळीचा वेग फारसा वाढत नाही. वाढतो तो धूर, धक्का आणि नळी फुटण्याचा धोका. 'मूठभर भरली की बार जोरात' ही समजूत टाकून द्या. बंदूक बनवणाऱ्याने जे प्रमाण सांगितले असेल ते कमाल समजा, आणि ठरलेल्या मापानेच दारू घाला. बुधल्यातून थेट नळीत कधी ओतू नका. नळीत ठिणगी राहिली असेल तर अख्खा बुधला हातात उडेल.

धक्का कमी करण्याचे खरे कारण खांद्याची सूज नव्हे. धक्क्याला भ्यालेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि नळी हलवतो. मग गोळी चुकते, किंवा जनावर जखमी होऊन पळते. जखमी रानडुक्कर सकाळी वेचणीला आलेल्या बायांवर धावून येते. पण हलक्या गोळीची जोरही कमी, हे विसरू नका. साध्या नळीतून गोल गोळी पन्नास पावलांच्या पुढे भरवशाची राहत नाही. चुकलेली गोळी मात्र शेताच्या धुऱ्यावर थांबत नाही, ती पलीकडच्या माळ्यावरच्या माणसापर्यंत जाते. म्हणून माळ्यावरून खाली, मातीत जाईल अशीच गोळी झाडावी. आडवी झाडू नये, आवाजाच्या अंदाजाने अंधारात तर मुळीच नाही.

आता ठासणीच्या बंदुकीचे नियम. हे ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी पाठच करावेत.

दारू काळीच वापरावी. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू किंवा फटाक्याची दारू ठासणीच्या नळीत घातली तर नळी फुटते, आणि फुटते ती तोंडाजवळ.

गोळी दारूला टेकेपर्यंत गजाने खाली बसवावी. मध्ये पोकळी राहिली की नळी फुगते किंवा फाटते. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो आणि भरलेल्या नळीत कुठवर, अशा दोन खुणा गजावर करून ठेवा. बंदूक भरलेली आहे की नाही आणि एकावर एक दोनदा भरली गेली की काय, हे खुणेवरून कळते. कंदिलाच्या उजेडात आठवणीवर भरवसा ठेवू नये.

गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असते, म्हणून तिच्याभोवती कापडाची चकती लागते. ही चकती निव्वळ सुती हवी. टेरिकॉट वितळून नळीला चिकटते. निदान इथे तरी आपल्या कापसाला पर्याय नाही!

दोन बारांच्या मध्ये ओल्या फडक्याने नळी पुसावी. भरताना तोंड किंवा छाती नळीवर आणू नये. टोपी सर्वांत शेवटी बसवावी. बार फुसका गेला तर नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान मिनिटभर थांबावे.

आता काडतुसांकडे वळू. अमेरिकेत हौशी शिकारी घरी काडतुसे भरतात. तिथे ते कायदेशीर आहे, आणि दारू बनवणाऱ्या कंपन्या तपासलेले तक्ते छापतात. त्या तक्त्यांमागे दाब मोजणारी यंत्रे असतात. 'निम्मी दारू, निम्मा धक्का' असा सरळ व्यवहार काडतुसात नसतो. दाब पुरेसा झाला नाही तर गोळी नळीतच अडकते, आणि पुढच्या बाराला नळी फुटते. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. चार क्विंटल ज्वारी वाचवताना जन्म घालवू नका. काडतूस कारखान्याचे, परवानाधारक दुकानातले आणि पावतीसह घ्या.

हाच कायदा आपल्या बाजूने काय बोलतो तेही ऐका. कलम १३ म्हणते की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर निदान २० इंच नळीची दुसरी साध्या नळीची बंदूक देता येते. कलम १४ म्हणते की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. अर्ज नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येते. 'दोन एकरवाल्याला बंदूक कशाला?' असे कोणी तोंडी म्हणाले तर उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा.

मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती नसताना गोळी झाडली तर गुन्हेगार शेतकरीच ठरतो. नुकसान आपले आणि खटलाही आपल्यावरच, असा हा न्याय आहे. तो बदलायचा तर मागणी करावी लागेल, आणि मागणी करणाऱ्याचे कागद स्वच्छ असावे लागतील.

म्हणून या बैठकीतून गावी गेल्यावर तीन कामे करा. परवान्याची मुदत तपासा. गजावर खुणा करा. आणि नुकसान झाल्याबरोबर वनखात्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. गावातले अर्ज एकदम, एकाच दिवशी द्या. एका शेतकऱ्याचा कागद फायलीत दबतो, पन्नास कागद टेबलावर दिसतात.