वंगण आणि वेदना



कटंगीच्या परिसरात भाताची रोवणी चिखलात उभे राहून, कमरेत वाकून होते. त्या कष्टांची आठवण उतारवयात गुडघे करून देऊ लागले, की घरोघरी एकच निदान ऐकू येते : ‘गुडघ्यातले वंगण संपले.’ हे निदान अर्धेच खरे आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे पाहणी सुरू केली, तेव्हा शंभरातील सुमारे १८ प्रौढांना सांधे-स्नायूंची दुखणी आढळली. तेव्हा उरलेले अर्धे सत्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

वंगणाची उपमा फार जुनी आहे. वंगण घातलेल्या आसावर चाक जसे सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्याने युक्त सांधे नीट चालतात, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम चमचाभर असतो. त्याला चिकटपणा येतो तो हायलुरोनन नावाच्या अतिदीर्घ रेणूमुळे. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला.

परंतु चाकाला वेदना नसते, सांध्याला असते. सांध्यातील कूर्चेत चेतातंतू नसतात. ते भोवतालच्या आवरणात आणि हाडात असतात. संधिवातात दाह झाला, की द्रव पुष्कळदा वाढतो, गुडघा सुजतो. मात्र हायलुरोननचे रेणू तुटून आखूड होतात आणि द्रव पातळ पडतो. वंगण संपत नाही, त्याचा कस जातो. त्याच वेळी चेतातंतू हळवे होतात, एरवी निद्रिस्त असणारे तंतूही जागे होतात आणि साधे पाऊल टाकणे असह्य वाटू लागते.

स्पेनमधील कार्लोस बेल्मोंते व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या गुडघ्यांतील या तंतूंचे विद्युत्स्पंद मोजले. दीर्घ रेणूंचा दाट द्रव सांध्यात सोडल्यावर ते स्पंद मंदावले. मिरचीचा दाह ज्या प्रथिनद्वारातून जाणवतो, तेच द्वार हायलुरोननच्या सान्निध्यात कमी उघडते, असे २०१५ साली दिसून आले. हा द्रव वंगणाबरोबरच चेतातंतूंचे पांघरूणही आहे.

मग तो सुईने भरावा काय? प्रयोगशाळेतील यश रुग्णाच्या पदरी तेवढे पडत नाही. २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात, औषधविरहित सुईच्या तुलनेत या उपचाराने वेदना अगदीच किंचित कमी झाल्याचे आढळले.

यावरून घेण्यासारखा बोध साधा आहे. क्ष-किरण चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे माप एक नसते. चित्रात झीज थोडी दिसली, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आणि झीज दिसली, म्हणून खाट धरण्याचेही कारण नाही. वैद्यकीय सल्ल्याने केलेल्या बेताच्या व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट होतात, वेदना उतरते. रोवणीत उभा जन्म घालवलेल्या आईला ‘आता वय झाले’ एवढेच उत्तर देऊन कोणत्याही घराने थांबू नये.