शेपटीचे मोल

साठ कार्बन-अणूंचा पोकळ चेंडू, म्हणजे फुलरीन, १९८५ साली सापडला. इलेक्ट्रॉन घेण्याची त्याला मोठी हौस. देणारा रेणू शेजारी आला, की विद्युद्भार थोडा वा पुरता याच्याकडे सरकतो व दोघांचा संयोग जमतो. काही जोड्यांना मात्र त्यासाठी प्रकाश लागतो. १९९२ साली सँटा बार्बारा येथे सारिचिफ्ची, हीगर प्रभृतींनी दाखविले, की प्रकाश पडताच एक बहुवारिक फुलरीनला इलेक्ट्रॉन देते.

मग यातून सौरघट का होऊ नये? अडचण साधीच होती. फुलरीन विद्रावकात पुरेसे विरघळत नसे. मिश्रणात त्याचे वेगळे कण जमत आणि देणारा दूरच राही. १९९५ साली हुमेलन, वुडल प्रभृतींनी त्याला एक सेंद्रिय शेपटी जोडली. इलेक्ट्रॉनांची ओढ किंचित उणावली खरी. पण ते चांगले विरघळू लागले, बहुवारिकात बारीक गुंफले गेले, आणि घटातून वीज अधिक मिळू लागली.

आज त्याहून सरस ग्राहक-रेणू निघाले आहेत. तरीही आम्ही एवढेच म्हणू, की नुसती ओढ असून भागत नाही. मिसळताही आले पाहिजे.