बारा वर्षांचा ताबा

मुंबईच्या गिरण्या भरभराटींत होत्या, त्या काळीं सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबें पोटासाठीं तिकडे गेलीं. घराची किल्ली शेजाऱ्याकडे, जमीन भाऊबंदाकडे. कागद म्हणाल तर कांहींच नाहीं. पुढें नातू गांवीं परततो, तों अंगणांत दुसऱ्याची म्हैस बांधलेली! वर 'बारा वर्षें झालीं, आतां घर आमचें,' हें उत्तर.

हें उत्तर अर्धेंच खरें आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें मालकानें १२ वर्षांत दावा न लावल्यास त्याचा हक्कच नष्ट होतो. सरकारी जमिनीस हीच मुदत ३० वर्षांची. परंतु ताबा उघड, अखंड व मालकी झुगारून देणारा असावा लागतो. परवानगीनें राहिलेला राखणदार ५० वर्षांनींही मालक होत नाहीं. भाऊबंदाचा ताबा तर सर्वांच्या वतीनें मानला जातो. दुसऱ्याचा हिस्सा त्यानें उघडपणें नाकारल्याखेरीज मुदत सुरूच होत नाहीं. पूर्वीं, १९०८ च्या कायद्यांत, हुसकावलेल्या मालकासच १२ वर्षांच्या आंतील आपला ताबा शाबीत करावा लागे. आतां त्यानें मालकी दाखविली कीं पुढील ओझें ताबेदारावर पडतें. तथापि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा ताबेदारास स्वतः दावा लावण्याचीही मुभा दिली. (मालकांस हा न्याय उफराटा वाटल्यास नवल नाहीं.) पीकपाहणीच्या रकान्यांतील नांव पुराव्याच्या कामीं येतें, पण तेवढ्यानें मालकी मिळत नाहीं.

कुळकायद्यास मात्र पळवाट म्हणूं नये. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनीं साताऱ्यांत आणि तेव्हांच्या दक्षिण साताऱ्यांत, म्हणजे आजच्या सांगलींत, ज्या कुळांना कायद्यानें जमिनीचे खरेदीदार मानलें, तीं घुसलेलीं नव्हतीं, कसणारीं होतीं.

खरी गफलत होते ती भाड्याच्या घरांत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यान्वयें करार लेखी व नोंदविलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. थोडक्या मुद्रांकशुल्काच्या बचतीसाठीं साताऱ्याच्या पेठांतून वा सांगलीच्या गांवभागांत वाडा अडकवून घेणारे कांहीं थोडे नाहींत.

मग रागाच्या भरांत रात्रीं कुलूप तोडण्याचा मोह होतो. बळानें बाहेर काढलेला माणूस ६ महिन्यांच्या आंत दिवाणी न्यायालयांत गेला तर त्यास ताबा परत मिळूं शकतो. त्या दाव्यांत घर कोणाचें, हा प्रश्न विचारलाच जात नाहीं. घुसखोर नुकताच शिरला असेल, तर मालकासही हाच मार्ग तितक्याच अवधींत मोकळा असतो.