तयारी दोघांची

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आता त्यासाठीचे उपचार अंधेरी, बोरिवलीतही मिळतात. पण तयारी उपचारातल्या इंजेक्शनांच्या बरीच आधी सुरू होते. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून नवऱ्याने तंबाखू-दारू तितके महिने आधीच सोडावी. त्याची तपासणी टाळून बायकोलाच दवाखाने फिरवायचं, हे आपल्याकडे फार चालतं! तिने डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करावं. थायरॉइड, साखर तपासावी. आणि मनाचं? यशाची शक्यता किती, हे सांगणारं समुपदेशन २०२१च्या कायद्याने केंद्रांवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्या नातेवाइकांना किती सांगायचं, तेही दोघांनी आधीच ठरवा.