हौसेच्या जीपचें मोल

जळगांवकरांस सोन्याचा व्यवहार सांगावयास नको. दागिना मोडावयास नेला म्हणजे सराफ कसाचे पैसे देतो. घडणावळ गेली ती गेलीच. नवें इंजिन, रुंद चाकें व निराळा टप बसवून हौसेनें नटविलेल्या जुन्या जीपगाडीचा न्यायहि हाच. खर्चाची वही पुढें करून भाव सांगणाऱ्याचें गिऱ्हाइक उठून जातें. त्याच सालच्या, मूळ रूपांतील गाडीचा चालू भाव धरावा आणि तें रूप परत आणण्याचा खर्च त्यांतून वजा करावा.

असें कां? १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ घडणींतील फेरफारांस आळा घालतें. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अधिक स्पष्ट केलें. २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांवरील गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली, पण तीहि मूळ रूप राखलेल्यांनाच. म्हणून काढलेले भाग जपून ठेवावे व गाडीबरोबर द्यावे.

खरा ग्राहक रंगाची स्तुति करीत नाहीं. तो खालीं वाकून गंज पाहतो, इंजिनाचा व चॅसिसचा क्रमांक आर. सी. बुकाशीं ताडतो. त्याच्यापासून दोष लपवूं नयेत.

शेवटीं एक इशारा. गाडी धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें दूर निघून गेली, पण दप्तरीं नांव बदललें नाहीं, तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्याच गळ्यांत पडते. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हेंच ठरविलें. तेव्हां पैसे मोजून घेण्याइतकीच घाई नांव उतरविण्याचीहि करावी.